वीस वर्षांचे वचन
(डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आरंभकाळाविषयी काही विचार)

विद्यालये, महाविद्यालये व विद्यापीठे ह्यांनी आपल्या भावी वाटचालीचा आराखडा अगोदरच आखून ठेवावा, अशी अपेक्षा अलीकडे वारंवार व्यक्त होऊ लागली आहे. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर प्रत्येक उच्च शिक्षणसंस्थेने आपला विकास-आराखडा तयार करावा व त्याच्या कसोटीवर आपली प्रगती तपासून पाहावी, असे स्पष्टच सांगितले आहे. तेव्हापासून ठिकठिकाणी समित्या बसत आहेत, उद्दिष्टांच्या याद्या होत आहेत, आणि इमारती, विद्यार्थिसंख्या, नवे अभ्यासक्रम व द्रव्यसाहाय्य ह्यांचे पुढील पाच, दहा, पंधरा वर्षांचे हिशेब मांडले जात आहेत. ह्या उद्योगाची थट्टा करावी असे आम्हांस मुळीच वाटत नाही. संस्थेच्या चालकांनी पुढचा विचार करावा हे योग्यच आहे. परंतु असे आराखडे वाचताना एक प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. हे सारे करणार कोण, किती काळ करणार, आणि त्यांस ह्या कार्याशी बांधून ठेवणारे बंधन कोणते, ह्याविषयी त्यांत बहुधा काही आढळत नाही.

हा प्रश्न महाराष्ट्रात नवा नाही. सुमारे एकशेचाळीस वर्षांपूर्वी पुण्यातील काही तरुणांनी तो स्वतःस घातला, त्याचे एक उत्तर शोधून काढले, त्या उत्तराच्या आधारावर एक शाळा व एक कॉलेज उभे केले, आणि पुढे त्याच उत्तराच्या अर्थावरून मतभेद होऊन ते विभक्तही झाले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा हा आरंभकाळ वाचकांस स्थूल मानाने परिचित आहे. परंतु टिळक-आगरकर वादाचे एक प्रकरण म्हणूनच तो बहुधा सांगितला जातो, आणि मग सांगणाराचा कल ज्या बाजूस असेल त्या बाजूस न्याय मिळतो. आम्ही येथे तो निराळ्या दृष्टीने पाहणार आहोत. शिक्षणसंस्था योजावी कशी व चालवावी कशी, एवढ्याच अंगाने ह्या इतिहासाचा विचार करण्याचा आमचा हेतू आहे.

१

१८८० सालच्या जानेवारीच्या आरंभी पुण्यात मोरोबादादांच्या वाड्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. निबंधमालेमुळे महाराष्ट्रभर प्रसिद्धी पावलेले विष्णुशास्त्री चिपळूणकर ह्यांनी आदल्याच वर्षी रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलातील नोकरीचा राजीनामा दिला होता. बाळ गंगाधर टिळक १८७९ साली एल्एल्. बी. झाले होते, म्हणजे वकिलीचा राजमार्ग त्यांच्यापुढे मोकळा होता. त्यांचे डेक्कन कॉलेजातील स्नेही गोपाळ गणेश आगरकर हे एम्. ए. च्या अभ्यासात होते. परीक्षा होताच आपणही येऊन मिळू असे त्यांनी ठरविले होते, आणि मुलाच्या मोठ्या पगारावर आशा ठेवून बसलेल्या आपल्या आईस त्यांनी तसे पत्राने कळविल्याची हकीकत सर्वश्रुत आहे. महादेव बल्लाळ नामजोशी आरंभापासून बरोबर होते, आणि पहिल्या वर्षातच वामन शिवराम आपटे येऊन मिळाले.

ह्या मंडळींच्या त्यागाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, व ते यथार्थच आहे. परंतु त्यांच्या योजकतेविषयी त्यामानाने फार थोडे लिहिले गेले आहे. पुण्यात खासगी शाळा तत्पूर्वीही निघाल्या होत्या. ह्या शाळेचे वैशिष्ट्य असे की, तिच्या चालकांनी कामाची वाटणी प्रथमपासून माणसाचा स्वभाव व गुण पाहून केली. शास्त्रीबोवांच्या नावाने लोकांचा विश्वास बसला. आपटे हे शिस्तीचे भोक्ते व संस्कृताचे गाढे पंडित. शाळेचे अधीक्षकत्व त्यांच्याकडे आले, व प्रत्यक्ष शाळा चालविली ती त्यांनी. टिळकांकडे गणित व संस्कृत होते आणि पुढे संस्थेचे नियम बांधण्याचे कामही मुख्यत्वे त्यांच्याच हातचे होय. नामजोशी पदवीधर नव्हते, परंतु दहा ठिकाणी जाऊन दहा प्रकारच्या माणसांस एका कामास लावणे ही विद्या त्यांस जशी साधली होती तशी त्या मंडळीत कोणासच साधली नव्हती. आपल्या इतिहासाने नामजोश्यांवर थोडा अन्याय केला आहे असे आम्हांस वाटते. व्याख्याने देणारा व पुस्तके लिहिणारा मनुष्य लोकांच्या स्मरणात राहतो, आणि वर्गणीची यादी घेऊन हिंडणारा विस्मृतीत जातो. परंतु ज्याने संस्था चालविली आहे त्यास ह्या दुसऱ्या मनुष्याची किंमत ठाऊक असते.

दुसरी गोष्ट क्रमाची. प्रथम शाळा, मग छापखाना व वर्तमानपत्रे, आणि मग कॉलेज असा हा क्रम होता. १८८१ च्या जानेवारीत 'केसरी' व 'मराठा' ही पत्रे निघाली. मॅट्रिक्युलेशनच्या परीक्षेत शाळेचे विद्यार्थी चमकू लागले, जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्त्या मिळवू लागले, आणि शाळेची कीर्ती आपोआप पसरली. शाळेच्या यशाने जो लोकविश्वास मिळाला, त्याच्या बळावर कॉलेजची कल्पना मांडता आली. आरंभीच कॉलेज काढले असते, तर ते कदाचित् वर्षभरही तगले नसते.

ह्या योजनेची पहिली परीक्षा लवकरच झाली. १७ मार्च १८८२ रोजी विष्णुशास्त्री वारले. त्याच वर्षी कोल्हापूरच्या दिवाणांसंबंधी केसरी-मराठ्यात आलेल्या मजकुरावरून अब्रुनुकसानीचा खटला होऊन टिळक व आगरकर ह्यांस शिक्षा झाली, आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी एकशेएक दिवस काढले. म्हणजे स्थापनेस तीन वर्षे पुरी होण्याच्या आत शाळेचा सर्वांत विख्यात पुरुष मृत्यूने नेला आणि दोन प्रमुख शिक्षक तुरुंगात गेले. तरीही शाळा एक दिवस बंद पडली नाही. एका व्यक्तीच्या तेजावर चालणारी ती शाळा असती, तर १८८२ सालीच तिचा इतिहास संपला असता.

२

त्याच वर्षी हंटरसाहेबांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण कमिशनचे काम चालू होते. हंटरसाहेबांनी ही शाळा पाहिली, व सरकारी मदतीवाचून चाललेल्या ह्या उद्योगाची मुक्तकंठाने प्रशंसा केली. उच्च शिक्षणाच्या क्षेत्रातून सरकारने हळूहळू अंग काढून घ्यावे व खासगी प्रयत्नांस अनुदान द्यावे, असा त्या कमिशनच्या शिफारशींचा एकंदर रोख होता. हा वारा ह्या मंडळींनी बरोबर ओळखला. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी सर विल्यम वेडरबर्न ह्यांच्या अध्यक्षतेखाली सभा भरून डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. आपटे प्रिन्सिपॉल झाले.

कॉलेजास मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन ह्यांचे नाव दिले गेले, आणि त्यांनी स्वतः बाराशे रुपयांची देणगी दिली. दोनच वर्षांपूर्वी तुरुंगातून सुटलेल्या मनुष्यांनी गव्हर्नरचे नाव आपल्या कॉलेजास द्यावे ह्याचे आजच्या वाचकांस नवल वाटेल. परंतु कॉलेजास पैसा लागणार होता, आणि तो पैसा बहुतांशी संस्थानिकांकडून यावयाचा होता. गव्हर्नरच्या नावाखाली उघडलेल्या कार्यास देणगी देण्यात कोणा संस्थानिकास संकोच वाटण्याचे कारण नव्हते. नाव साहेबांचे, द्रव्य राजेरजवाड्यांचे आणि शिकविणारे हात आपले, अशी ती व्यवस्था होती. कोणी हिला तडजोड म्हणेल, व ती तडजोड होतीच. पण शिक्षकांच्या नेमणुका व वर्गातील अध्यापन ह्या दोन बाबी मंडळींनी स्वतःच्या हाती राखल्या, आणि नावासारखी बाब सोडून दिली. कोणती गोष्ट सोडावी व कोणती प्राणपणाने धरावी, हे ज्यास कळते तोच संस्था चालवू शकतो.

परंतु ह्या सर्व रचनेचा पाया निराळाच होता. सोसायटीचे आजीव सभासद म्हणून एक वर्ग निर्माण करण्यात आला. जो आजीव सभासद होईल त्याने वीस वर्षे संस्थेची सेवा करण्याचे वचन द्यावयाचे. आरंभी वेतन ह्याहून कमीच होते, पण पुढे मासिक पंचाहत्तर रुपये हा आकडा ठरला, व तो पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या तोंडी राहिला. सभासदाच्या मागे त्याच्या कुटुंबाची अन्नान्नदशा होऊ नये म्हणून त्याच्या आयुष्याचा विमा उतरण्याची तजवीज करण्यात आली. देणगीदारांच्या प्रतिनिधींस नियामक मंडळात स्थान होते, परंतु दैनंदिन कारभार, अध्यापन व अंतर्गत व्यवस्था आजीव सभासदांच्या मंडळाकडे होती. थोडक्यात म्हणजे, जे शिकवीत तेच संस्था चालवीत.

ह्या नियमाचे मर्म नीट ध्यानात घेतले पाहिजे. वीस वर्षे हा काळ असा आहे की, त्यात मनुष्याचे कर्तृत्वाचे सारे वय येते. पंचविसाव्या वर्षी वचन देणारा पंचेचाळिसाव्या वर्षी मोकळा व्हावयाचा. अर्थात त्याला संस्थेचे हित व स्वतःचे आयुष्य ही दोन निराळी खाती ठेवता येत नसत. कॉलेजचा प्रिन्सिपॉल व शाळेत शिकविणारा नवा सभासद ह्यांचे वेतन एकाच मापाने मोजले जाई, म्हणून पदासाठी चुरस करण्यात द्रव्यलाभ नव्हता. आणि सभासदाला शाळेत वा कॉलेजात, जेथे गरज पडेल तेथे व जो विषय पडेल तो शिकविणे भाग होते. १८८५ साली न्यू इंग्लिश स्कुलात शिक्षक म्हणून आलेले व पुढल्याच वर्षी आजीव सभासद झालेले गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी इंग्रजी, गणित, इतिहास व अर्थशास्त्र इतके विषय शिकविले की, 'मागाल तो विषय शिकविणारे प्रोफेसर' अशी त्यांची ख्याती झाली. आजच्या तज्ज्ञतेच्या काळात ह्यास कोणी हसेल. परंतु निर्धन संस्थेची नड भागविण्याचा दुसरा मार्ग कोणता होता?

३

मृत्यू, तुरुंगवास, दारिद्र्य आणि सरकारची लहर ह्या सर्वांची तरतूद ह्या योजनेत होती. एकाच गोष्टीची तरतूद नव्हती. ती म्हणजे सज्जनांतील मतभेदाची.

१८८६ पासून १८९० पर्यंत आजीव सभासदांच्या मंडळात जे वाद झाले, त्यांची मुळे सामाजिक सुधारणेच्या प्रश्नात होती हे खरे. संमतीवय, स्त्रीशिक्षण, विधवांची स्थिती ह्यांविषयी टिळक व आगरकर ह्यांची मते दिवसेंदिवस दूर गेली. १८८७ साली आगरकरांनी 'केसरी' सोडला व १८८८ साली 'सुधारक' काढला. पण मंडळाच्या बैठकींत ज्या प्रश्नांवर खटके उडाले ते प्रश्न संस्थेच्या नियमासंबंधी होते, आणि आमच्या विषयास तेच महत्त्वाचे आहेत.

पहिला प्रश्न वेतनाचा. महागाई व वाढता संसार पाहता वेतनात थोडी वाढ व्हावी, असे आगरकर व गोखले ह्यांचे म्हणणे होते. टिळकांचा त्यास विरोध होता. दुसरा प्रश्न संस्थेबाहेरील कामाचा व बाहेरून होणाऱ्या प्राप्तीचा. टिळकांच्या मते आजीव सभासदाने आपला सारा वेळ व सारी शक्ती संस्थेस दिली पाहिजे. जेसुइट पाद्र्यांच्या संघाचा आदर्श त्यांच्या डोळ्यांपुढे होता. दुसऱ्या पक्षाचे मत असे की, वर्गातील काम चोख बजावल्यावर उरलेला वेळ सभासदाने कसा घालवावा हे ज्याचे त्याने ठरवावे. तिसरे निमित्त होळकर महाराजांच्या देणगीचे. शिवाजीराव होळकर ह्यांनी दिलेले सातशे रुपये व्यक्तीस दिलेले की संस्थेस, आणि त्यांचा विनियोग कोणी कसा करावयाचा, ह्यावरून कटुता वाढली. शेवटी गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद पत्करले, तेव्हा वादाने निकराचे रूप धारण केले. १४ ऑक्टोबर १८९० रोजी टिळकांनी राजीनामा दिला, व डिसेंबरात एक प्रदीर्घ पत्र लिहून आरंभापासूनचा सारा इतिहास व आपली भूमिका नमूद करून ठेवली.

ह्या वादात कोण बरोबर होते? आमच्या मते दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात शिक्षणसंस्थेच्या जीवनाचे एकेक सत्य होते. गरिबी हेच ह्या संस्थेचे भांडवल आहे, असे टिळकांस वाटे, आणि ते खोटे नव्हते. लोकांनी देणग्या दिल्या त्या इमारतीकडे पाहून दिल्या नाहीत. मोठ्या पगारांवर पाणी सोडून बसलेल्या माणसांकडे पाहून दिल्या. त्या भांडवलास हात लागला की पत गेली. उलटपक्षी, आगरकरांची प्रकृती दम्याने खंगलेली होती, संसाराची ओढाताण होती, आणि अशा माणसास त्यागाचे माप दुसऱ्याने मोजून द्यावे ह्यात एक प्रकारचा जाच होता. शिवाय टिळक स्वतः वर्तमानपत्राचे काम करीतच होते. मग बाहेरचे काम कोणते व आतले कोणते, हे ठरवावयाचे कोणी?

येथेच नियमाची उणीव उघडी पडली. वीस वर्षे द्यावयाची हे नियमाने सांगितले होते. परंतु ह्या वीस वर्षांतला मनुष्याचा किती भाग द्यावयाचा, हे सांगितले नव्हते. आपट्यांनी कोश रचला, गोखल्यांनी अंकगणिताचे पुस्तक लिहिले. ह्या पुस्तकांची प्राप्ती संस्थेची की ग्रंथकाराची? असले प्रश्न स्नेहाच्या दिवसांत उद्भवतच नाहीत, आणि स्नेह आटल्यावर ते सुटत नाहीत. दुसरी उणीव अशी की, वाद मिटविण्यास कोणी तिऱ्हाईत नव्हता. वादी, प्रतिवादी व न्यायाधीश सारे एकाच मंडळात बसत, आणि निकाल बहुमताने होई. बहुमताने वेळापत्रक ठरविता येते. परंतु दहा वर्षे खांद्याला खांदा लावून राबलेल्या माणसाच्या निष्ठेचा निर्णय बहुमताने करू गेल्यास, जो हरतो त्यास निघून जाण्यावाचून गती राहत नाही.

४

टिळक गेले. आता संस्था बसणार, असे भाकीत करणारे पुष्कळ असतील. प्रत्यक्षात काय घडले ते पाहण्यासारखे आहे.

गणिताची जागा रिकामी झाली होती. तिच्यावर १८९१ साली गोखल्यांच्या सूचनेवरून मुंबईहून धोंडो केशव कर्वे ह्यांस बोलावण्यात आले, व ते पुढे आजीव सभासद झाले. १८९२ च्या ऑगस्टात प्रिन्सिपॉल आपटे अकाली वारले. त्यांच्या जागी आगरकर आले, आणि १७ जून १८९५ रोजी तेही गेले. त्यांच्यामागून महादेव शिवराम गोळे प्रिन्सिपॉल झाले. दहा वर्षांच्या अवधीत कॉलेजने एक संस्थापक विरोधाने गमावला आणि दोन प्रिन्सिपॉल मृत्यूने गमावले. तरीही ह्याच काळात गोखले देणग्यांसाठी हिंडत होते, आणि १८९५ साली कॉलेज आपल्या नव्या इमारतीत गेले. १८९९ साली केंब्रिज येथे सीनियर रँग्लर झालेले पहिले हिंदी विद्यार्थी रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे ह्याच फर्ग्युसनचे. त्यांच्यापुढे मोठमोठ्या सरकारी जागा उघड्या असता १९०२ साली ते परत आले, व त्याच अल्प वेतनावर प्रिन्सिपॉल झाले. त्याच वर्षी गोखल्यांनी कॉलेजचा निरोप घेतला.

ह्यातून एक गोष्ट निर्विवाद सिद्ध होते. संस्थापकांनी घातलेले बंधन व्यक्तीशी नव्हते, कार्याशी होते, म्हणून व्यक्ती गेल्या तरी बंधन टिकले. परांजपे परत आले ते कोणा एका पुढाऱ्याच्या शब्दाखातर नव्हे. जी रीत त्यांनी विद्यार्थिदशेत डोळ्यांनी पाहिली होती, ती त्यांस आपलीशी वाटत होती.

परंतु ह्याच काळात आणखी एक गोष्ट घडली, आणि तिच्याकडे टिळकपक्षाच्या व आगरकरपक्षाच्याही अभिमान्यांनी लक्ष दिलेले दिसत नाही. प्रोफेसर कर्वे ह्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला. १९०० साली तो हिंगण्यास गेला, आणि कर्वे कित्येक वर्षे हिंगण्याहून कॉलेजात पायी येऊन गणित शिकवीत व पायीच परत जात. १९१४ साली ते सेवानिवृत्त झाले, व १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. आजीव सभासदाने बाहेरचे कोणतेही कार्य अंगावर घेऊ नये, हा कडक नियम १८९० साली मान्य झाला असता, तर हिंगण्याचा आश्रम निघता ना, आणि त्यातून उद्भवलेले विद्यापीठही निघते ना. उलट असेही म्हणावे लागेल की, नियम सैल झाल्यावर सगळेच कर्वे निपजत नाहीत. पुष्कळांच्या हाती मोकळा वेळ म्हणजे केवळ मोकळा वेळच राहतो. कर्व्यांनी ती मोकळीक आपल्या कार्याकरिता वापरली, आणि वर्गावरील कामात खंड पडू दिला नाही. तेव्हा नियम कितपत ताणावा ह्याचे कायमचे माप कोणास सांगता येईल असे आम्हांस वाटत नाही. प्रत्येक पिढीने ते पुनः ठरविले पाहिजे, आणि भांडण होण्यापूर्वी ठरविले पाहिजे, एवढे मात्र खरे.

आजीव सेवेची ही कल्पना एका संस्थेपुरती राहिली नाही. गोखल्यांनी १९०५ साली भारत सेवक समाज स्थापिला, त्यात अल्प वेतनावर आयुष्य वाहण्याचे तेच तत्त्व आहे. पुण्यातील शिक्षण प्रसारक मंडळीसारख्या संस्थाही ह्याच वळणावर वाढल्या, आणि तिने १९१६ साली न्यू पूना कॉलेज काढले. तेच पुढे सर परशुरामभाऊंच्या नावाने प्रसिद्ध झाले. सोसायटीने स्वतः १९१९ साली सांगलीस विलिंग्डन कॉलेज काढले, तेव्हा नव्या ठिकाणी पाठविण्यास तिच्याजवळ माणसे होती. पैसा जमवून कोणासही इमारत बांधता आली असती. नव्या गावी जाऊन राहण्यास तयार असलेला अनुभवी शिक्षकवर्ग मात्र पूर्वीच्या तीस-पस्तीस वर्षांत निर्माण झालेला होता.

५

ह्या योजनेची स्तुती करताना तिने काय पाहिले नाही, हेही सांगितले पाहिजे. ज्या हंटर कमिशनने न्यू इंग्लिश स्कुलाची वाहवा केली, त्याच कमिशनपुढे १८८२ साली पुण्याच्याच महात्मा जोतीराव फुल्यांनी आपले निवेदन सादर केले होते. सरकारचे उत्पन्न रयतेच्या घामातून येते आणि त्याचा लाभ उच्च शिक्षणाच्या द्वारे वरच्या वर्गांस मिळतो, अशी त्यांची तक्रार होती, व प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी त्यांची मागणी होती. एकाच शहरातून, एकाच वर्षी, एकाच कमिशनपुढे हे दोन आवाज उठले. कमिशनने पहिल्यास प्रोत्साहन दिले. दुसऱ्याचे म्हणणे अमलात येण्यास फार काळ जावा लागला. न्यू इंग्लिश स्कुलाच्या चालकांनी शिक्षण स्वस्त केले, उत्तम केले, आपल्या हाती घेतले. परंतु त्या शाळेच्या दारापर्यंत कोण येऊ शकतो व कोण येऊच शकत नाही, हा प्रश्न त्यांच्या आराखड्यात ठळकपणे आला नाही. मुलींच्या शिक्षणाचेही तेच. १८८४ साली, म्हणजे सोसायटी निघाली त्याच वर्षी, पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले, ते न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर प्रभृतींच्या प्रयत्नाने निघाले, आणि 'केसरी'ने पुढे त्याच्या शिक्षणक्रमावर कडक टीका केली.

तथापि साधन चांगले असले म्हणजे ते दुसऱ्याच्याही हाती उपयोगी पडते. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यास निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहतील असे वसतिगृह उभे केले, आणि १९४७ साली तेथेच कॉलेजही काढले. ह्या संस्थेनेही आयुष्य वाहून घेणाऱ्या सेवकांचा वर्ग आपला कणा मानला. पुण्याच्या मंडळींनी शिक्षकाकडून त्यागाची अपेक्षा केली. भाऊरावांनी त्यास विद्यार्थ्याच्या श्रमाची जोड दिली, आणि ज्यांच्यापर्यंत पुण्याची शाळा पोचली नव्हती त्यांच्या गावी शाळा नेली. म्हणजे फुल्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देताना चिपळूणकर-टिळक-आगरकरांनी घडविलेले साधनच वेगळ्या मापाने वापरण्यात आले.

६

आता पुनः आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. आज पंचाहत्तर रुपयांची आठवण काढून शिक्षकांस त्यागाचा उपदेश करणे आम्हांस उचित वाटत नाही. तो त्याग ज्यांनी केला त्यांनी तो स्वतः होऊन केला होता, आणि संस्थेचा कारभारही त्यांच्याच हाती होता. कारभारात ज्यास शब्द नाही त्याच्याकडून त्याग मागणे अन्यायाचे होय. आज महाराष्ट्रातील कित्येक महाविद्यालयांतून पदवीधरच नव्हे, तर पीएच्. डी. झालेले अध्यापकही तासिका तत्त्वावर राबत आहेत. त्यांची नेमणूक एका शैक्षणिक वर्षापुरती, कधी त्याहूनही कमी काळाची असते, आणि मोबदला घेतलेल्या तासांचा. अशा अध्यापकाच्या महाविद्यालयाने पंधरा वर्षांचा आराखडा तयार केला, तर त्या आराखड्याशी त्याचे नाते काय? येत्या जूनमध्ये आपण येथे असू की नाही, हेच त्यास ठाऊक नसते. आणि ज्यांनी आराखड्यावर सही केली ते पदाधिकारी व प्राचार्य पंधरा वर्षांनी त्याचा जाब देण्यास त्या जागी असतीलच असे नाही.

१८८४ सालच्या योजनेचे कलमवार अनुकरण आज शक्य नाही व इष्टही नाही. काळ निराळा, कायदे निराळे, विद्यापीठांचा व्याप निराळा. परंतु तिच्यातील तीन गोष्टी आजही तपासून पाहण्याजोग्या आहेत. पहिली ही की, योजना आखणारांनी प्रथम स्वतःस तिच्यात बांधून घेतले होते. दुसरी ही की, जे वर्गात उभे राहत त्यांच्याकडेच कारभाराचा मोठा भाग होता, म्हणून संस्थेच्या अडचणी त्यांस अहवालातून वाचाव्या लागत नसत. तिसरी गोष्ट त्या मंडळींच्या अपयशातून घ्यावयाची आहे. मतभेद होतील हे गृहीत धरून, ते मिटविण्याची रीत व ती रीत चालविणारा तिऱ्हाईत, ह्या दोहोंची तजवीज सलोख्याच्या दिवसांतच करून ठेविली पाहिजे. टिळकांसारखा शिक्षक व योजक दहा वर्षांतच संस्थेबाहेर गेला. राष्ट्रास त्याचा लाभ झाला हे खरे, परंतु वर्गाचे त्यात नुकसानच झाले.

नव्या आराखड्यांत इमारतींचे नकाशे, विद्यार्थ्यांचे आकडे व मानांकनाची उद्दिष्टे अवश्य असावीत. त्यांच्याबरोबर एक पान आणखी जोडावे, अशी आमची सूचना आहे. हे कार्य करणारी माणसे कोण, त्यांनी किती वर्षे देण्याचे कबूल केले आहे, त्याच्या बदल्यात संस्थेने त्यांस निर्वाहाची, मानाची व अधिकाराची कोणती हमी दिली आहे, आणि त्यांच्यात बेबनाव झाल्यास निर्णय कोणी करावयाचा, एवढेच त्या पानावर लिहिलेले असावे. मोरोबादादांच्या वाड्यात शाळा भरली तेव्हा चालकांजवळ ह्यांपैकी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे तयार होती, तिसऱ्याचे त्यांनी पुढे यथाशक्ति शोधले, आणि चौथे त्यांस सापडले नाही. आपल्या संस्थांच्या आराखड्यांत आज ह्या चारांपैकी किती उत्तरे सापडतात, हे ज्याने त्याने आपल्या संस्थेपुरते पाहावे.